पाण्याचे खेळ व मापनशिक्षण

पाणी भरणे, ओतणे, सांडणे आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात घालणे या बालकांच्या स्वाभाविक खेळांच्या आधारे त्यांना धारकता, राशी, एकक व मापन या संकल्पनांची ओळख करून देण्याची शैक्षणिक पद्धती. साधारणपणे तीन ते आठ वर्षे वयाच्या बालकांसाठी, म्हणजे बालवाडीपासून प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या इयत्तेपर्यंत, तिचा अवलंब करतात. कालमापनाचे व वस्तुमानाचे प्राथमिक अनुभवही तिच्यातून देता येतात. तथापि भांड्यात किती मावते याचे, म्हणजे धारकतेचे, मापन हे तिचे प्रमुख क्षेत्र होय.

मापन म्हणजे मापावरील आकडा वाचणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः आकडा हा मापनाचा शेवटचा टप्पा आहे. त्यापूर्वी तीन गोष्टी बालकाच्या मनात रुजाव्या लागतात. पहिली, आकार वा जागा बदलली तरी राशी तेवढीच राहते. दुसरी, एखादी लहान राशी एकक म्हणून निवडून तीच पुनःपुन्हा वापरता येते. आणि तिसरी, येणारी संख्या राशीइतकीच एककावरही अवलंबून असते. प्रौढांना या गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की त्या शिकाव्या लागतात याचे त्यांना विस्मरण होते. ‘एक लिटर म्हणजे एक हजार मिलिलिटर’ हे कोष्टक न अडखळता म्हणणाऱ्या मुलास समोरच्या तांब्यात एक लिटर पाणी मावेल काय, असे विचारल्यास त्याला पुष्कळदा अंदाजही करता येत नाही, याचे कारण या पूर्वतयारीच्या अभावात शोधावे लागते.

माध्यम म्हणून पाण्याचे वैशिष्ट्य : पाणी हे सलग राशीचे सर्वांत सुलभ उदाहरण आहे. गोट्या किंवा चिंचोके मोजता येतात, कारण ते मुळातच सुटे असतात. पाण्याचे सुटे भाग नसल्यामुळे ते मोजण्यासाठी एकक बाहेरून आणावे लागते. मापनाची गरज येथेच उत्पन्न होते. वाळू व धान्य हीदेखील उपयुक्त माध्यमे आहेत, परंतु त्यांना शीग लागते. शिगोशीग भरलेले माप आणि काठाशी सपाट केलेले माप यांत बराच फरक पडतो. पूर्वी घेताना शीग व देताना सपाट माप अशी चलाखी खेड्यातील व्यवहारात चालत असे, ती यामुळेच. पाणी आपली पातळी आपणच गाठते आणि माप पूर्ण भरताच ओसंडते. त्यामुळे ‘भरले’ याचा निर्णय शिक्षकाला द्यावा लागत नाही, तो पाणीच देते. शिवाय ओतलेले पाणी मूळ भांड्यात परत घालून पडताळा पाहता येतो. चुकीची दुरुस्ती साधनातच अंतर्भूत असणे, हा शैक्षणिक साधनाचा मोठा गुण मानला जातो.

मानसशास्त्रीय पाया : या विषयाचा पद्धतशीर अभ्यास स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) यांनी केला. त्यांचा व आलिना शेमिन्स्का यांचा बालकांच्या संख्याकल्पनेवरील ग्रंथ १९४१ मध्ये फ्रेंच भाषेत व १९५२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यातील प्रयोग आता सर्वश्रुत आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घेऊन ते सारखे असल्याची बालकाकडून खात्री करून घेतात आणि मग एका पेल्यातील पाणी अरुंद व उंच पेल्यात ओततात. चार-पाच वर्षांचे मूल आता ‘उंच पेल्यात पाणी जास्त झाले’ असे सांगते. पाणी त्याच्या डोळ्यांदेखत ओतलेले असते, थेंबही सांडलेला नसतो, तरी उंचीच्या दर्शनापुढे ते ज्ञान टिकत नाही. पुढे काही काळ मूल डगमगते. कधी उंचीकडे तर कधी रुंदीकडे पाहून उत्तर देते. साधारणपणे सातव्या-आठव्या वर्षी मात्र ते ठामपणे, ‘तेच पाणी आहे’, ‘परत ओतले तर सारखेच होईल’ किंवा ‘हा उंच आहे पण बारीक आहे’ अशी कारणे देते. या जाणिवेस राशीची अक्षय्यता असे म्हणतात. पाण्यात दगड बुडविल्यास त्याच्या आकारमानाएवढे पाणी वर सरते, ही जाण प्याजे यांच्या मते त्याहून उशिरा, अकरा-बारा वर्षांच्या सुमारास, येते. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट बालवाडीत सांगण्यास हरकत नाही, परंतु तिच्यातील भौतिकी त्या वयात समजते असे मानू नये.

प्याजे यांच्या निष्कर्षांवर नंतर जी चर्चा झाली, ती शिक्षकाच्या दृष्टीने मूळ प्रयोगाहूनही महत्त्वाची आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर (१९१५–२०१६) व त्यांचे सहकारी यांच्या १९६६ च्या ग्रंथात दोन अभ्यास नमूद आहेत. पहिल्यात पेल्यांपुढे पडदा धरून पाण्याची पातळी झाकली व ‘आता कोणात जास्त?’ असे विचारले. पातळी दिसत नसताना पुष्कळ अधिक बालकांनी अचूक उत्तर दिले. पडदा काढल्यावर चार वर्षांची मुले बहुधा पुन्हा चुकली. त्याहून मोठी मुले मात्र आपल्या उत्तरावर टिकून राहिली. दुसरा अभ्यास पॅट्रिशिया ग्रीनफील्ड यांनी पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशात वोलोफ जमातीच्या मुलांमध्ये केला. शाळेत न गेलेली काही मुले पाणी कमीजास्त झाल्याचे कारण ‘तुम्ही ओतले म्हणून’ असे देत. जणू ओतणाऱ्या पाहुण्या व्यक्तीच्या हातात काही जादू होती. मग पाणी मुलांनाच ओतावयास दिले, तेव्हा अचूक उत्तरांचे प्रमाण लक्षणीय वाढले. स्वतःच्या हाताने जादू होत नाही, हे मुलाला ठाऊक असते.

या दुसऱ्या अभ्यासाचा बोध आपल्याकडील वर्गांनी विशेषेकरून घेण्यासारखा आहे. टेबलावर मापे मांडून शिक्षकाने ओतावे व चाळीस मुलांनी हाताची घडी घालून पाहावे, हे दृश्य सर्वपरिचित आहे. त्याला प्रात्यक्षिक म्हणतात; पण पाण्याच्या खेळाशी त्याचा संबंध नाममात्रच असतो. मार्गारेट डॉनल्डसन (१९२६–२०२०) यांनी १९७८ मधील आपल्या ग्रंथात बालकांच्या चाचण्यांविषयी आणखी एक इशारा दिला : मूल केवळ शब्दांना उत्तर देत नाही, तर विचारणाऱ्याचा हेतू काय असावा यालाही देते. तोच प्रश्न दोनदा विचारला, की आधीचे उत्तर चुकले असावे असे त्यास वाटू शकते. म्हणून ‘कोणात जास्त?’ असे उलटतपासणीसारखे विचारण्याऐवजी ‘बाहुलीला व अस्वलाला सारखे सरबत द्यायचे आहे, कसे देशील?’ असे काम सोपविणे अधिक चांगले.

शैक्षणिक पूर्वपीठिका : पाण्याला बालशाळेत स्थान मिळाले ते प्रथम मापनासाठी नव्हे. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी १९०७ मध्ये रोम येथे काढलेल्या बालगृहापासून विकसित झालेल्या पद्धतीत सुरईतून सुरईत धान्य व पाणी ओतण्याचे पाठ आहेत. त्यांचा उद्देश हालचालींवर ताबा, एकाग्रता व स्वावलंबन हा होता. पाणी न सांडता ओतता येणे ही मापनाची पूर्वअट असल्यामुळे ते पाठ आपोआप उपयोगी ठरतात. इंग्लंडमध्ये सूझन आयझॅक्स (१८८५–१९४८) यांनी केंब्रिज येथील माल्टिंग हाउस शाळेत (१९२४–२७) मुलांना मोकळेपणे प्रयोग करू दिले व त्यांचे प्रश्न टिपून ठेवले. १९६४ मध्ये तेथे सुरू झालेल्या नफील्ड गणित प्रकल्पामुळे प्रत्यक्ष कृतीतून गणित हा विचार प्राथमिक वर्गांत पसरला. सोव्हिएट रशियात वसीली दवीदोव (१९३०–९८) व त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून धाडसी भूमिका घेतली. त्यांच्या अभ्यासक्रमात पहिलीची मुले संख्या शिकण्यापूर्वीच लांबी, क्षेत्र व पाण्याची राशी यांची तुलना करतात आणि संख्या ही ‘राशीत एकक किती वेळा बसते’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून नंतर अवतरते. संख्या आधी मोजणीतून की मापनातून, हा वाद मिटलेला नाही. परंतु अपूर्णांक पुढे मुलांना का जड जातात, हे दवीदोव यांच्या विवेचनावरून बरेच उलगडते. मोजणीत अर्धी गोटी नसते, मापनात अर्धी वाटी असते.

भारतात गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर स्थापिले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व १९५७ मध्ये ते कोसबाड येथे नेले. ही दोन्ही गावे आता पालघर जिल्ह्यात आहेत. ताराबाई व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी महागड्या साधनांऐवजी परिसरातील वस्तू वापरण्याचा पुरस्कार केला. मापनशिक्षणास हे तत्त्व फारच मानवते, कारण करवंट्या, बांबूचे नळकांडे, दुधी भोपळ्याचे तुंबे आणि घरातील वाट्या यांहून चांगली साधने विकतही मिळत नाहीत. एकाच घमेल्यातील पाण्यात सगळ्या वस्त्यांच्या मुलांनी हात घालणे, याला आपल्या समाजात गणितापलीकडचाही अर्थ आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी गावोगाव पोहोचली. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण व त्याला अनुसरून २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा यांनी तीन ते आठ हा वयोगट एकसंध मानून खेळाधारित शिक्षणावर भर दिला आहे.

अध्यापनक्रम : प्रारंभी मुलांना निर्हेतुक खेळू द्यावे. रुंद घमेले किंवा परात, त्यात वीतभरही नसलेले पाणी आणि सातआठ भांडी एवढे पुरे. नरसाळे, गाळणी, भोक पाडलेला डबा, पिचकारी यांनी खेळ रंगतो. या काळात शिक्षिकेने शिकविण्यापेक्षा ऐकावे. ‘मावत नाही’, ‘सांडले’, ‘अजून बसते’, ‘काठोकाठ’ हे शब्द मुलांच्या तोंडी येऊ लागले, की मापनाची भाषा तयार होऊ लागली असे समजावे.

पुढची पायरी तुलनेची. तांब्या व बरणी यांपैकी कोणात अधिक मावते, हे प्रथम अंदाजाने सांगावयाचे व मग एक भरून दुसऱ्यात ओतावयाचे. पाणी ओसंडले तर दुसरे भांडे लहान, जागा उरली तर मोठे. उंच पण बारीक बाटली आणि बसका पण रुंद वाडगा अशी जोडी मुद्दाम निवडावी. मुलांचा अंदाज येथे हमखास चुकतो आणि ती चूक त्यांना आवडते. पुन्हापुन्हा करून पाहावेसे वाटते. दोन भांडी एकमेकांत ओतता येण्याजोगी नसतील, उदा., एक खिडकीत ठेवलेला माठ व दुसरी अंगणातील बादली, तर तिसऱ्या भांड्याचे साहाय्य घ्यावे लागते. हे तिसरे भांडे म्हणजेच मापाचे बीज होय.

एककाची कल्पना येथून निघते. तांब्यात किती फुलपात्री पाणी मावते, हे मुले मोजू लागतात तेव्हा ठरावीक चुका दिसतात. फुलपात्र कधी अर्धे भरले जाते, मधेच वाटी घेतली जाते, पाणी सांडते, किंवा भरताना एकदा व ओतताना एकदा अशी दुहेरी मोजणी होते. एका मुलाने ओतावे व दुसऱ्याने प्रत्येक ओतण्याला एक खडा ठेवावा, ही तोड जुनी आहे; खळ्यावर धान्य मापतानाही अशीच खूण ठेवीत, आणि पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. मोजणीच्या शेवटी उरलेले पाणी फुलपात्र भरण्यास पुरत नाही, तेव्हा ‘चार आणि थोडे’ असे उत्तर येते. ते ‘बरोबर चार’ असे दुरुस्त करू नये. त्या ‘थोड्या’तूनच अर्धा व पाव यांची गरज निर्माण होते.

यानंतर त्याच तांब्याचे पाणी एका गटाने फुलपात्राने व दुसऱ्या गटाने लहान वाटीने मोजावे. एकाचे उत्तर चार, दुसऱ्याचे नऊ. तांब्या तोच, मग खरे कोणाचे? लहान मापाने संख्या मोठी येते, हा व्यस्त संबंध बालकांना दीर्घकाळ चकवितो आणि तो केवळ सांगून समजत नाही. दोन्ही उत्तरे खरी आहेत, पण माप सांगितल्याविना दोन्ही अपुरी आहेत, हे उमगले म्हणजे सर्वांनी एकच माप वापरावे अशी मागणी मुलेच करू लागतात. लिटरचे माप वर्गात आणण्याची ही वेळ होय, त्यापूर्वीची नव्हे.

मुलांनी स्वतः अंकित भांडे तयार करणे, ही या क्रमातील सर्वांत फलदायी कृती म्हणता येईल. पारदर्शक बाटलीवर कागदाची उभी पट्टी चिकटवून प्रत्येक वाटी पाण्यानंतर एक रेघ ओढावयाची. सरळ उभ्या भिंतीच्या पेल्यावर रेघा समान अंतरावर पडतात. निमुळत्या गळ्याच्या बाटलीवर मात्र त्या वर वर जाताना दूर दूर होतात. वाटी तीच असताना रेघा का पांगल्या, याचे उत्तर शोधताना मूल उंची व रुंदी यांचा एकत्र विचार करू लागते. प्याजे यांच्या प्रयोगात सातव्या वर्षी जे कारण ऐकू येते, तेच येथे हाताखाली घडत असते.

मराठी भाषा व परंपरागत मापे : मराठीत कोणत्याही पात्राला ‘-भर’ जोडून एकक बनविता येते : वाटीभर, ओंजळभर, घोटभर, पळीभर. अप्रमाणित मापांची ही तयार भाषा बालक घरूनच घेऊन येते आणि तिचा उपयोग न करता थेट मिलिलिटरवर उडी मारणे अनाकलनीय आहे. दुसऱ्या बाजूस मराठीतील ‘मोठा’ हा शब्द घोटाळा करतो, कारण उंच, रुंद व अधिक मावणारा असे तिन्ही अर्थ त्यात सामावतात. म्हणून ‘मोठे भांडे कोणते?’ असे न विचारता ‘जास्त पाणी कोणात मावते?’ असे विचारावे.

महाराष्ट्रातील जुनी धान्यमापे द्विगुणनावर आधारलेली होती. रूढ कोष्टकानुसार दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली होत असे. मापांचे प्रत्यक्ष आकार प्रदेशपरत्वे बदलत. १९५६ च्या वजने व मापे मानक अधिनियमानंतर ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धती आली व ही मापे व्यवहारातून मागे पडली. दशमान पद्धतीची सोय निर्विवाद आहे. परंतु लहान मुलाला दहा भाग करण्यापेक्षा दोन भाग करणे सोपे जाते. म्हणून लिटरकडे जाताना अर्धा व पाव लिटर आधी आणि शंभर मिलिलिटर मागाहून, हा क्रम ठेवावा. दूधवाल्याच्या मापांमुळे तो मुलांच्या ओळखीचाही असतो. घरात जुने चिपटे किंवा मापटे असल्यास ते वर्गात आणून पाण्याने लिटरच्या मापाशी ताडून पाहणे हा एक चांगला पाठ होतो.

पाणी व मापनशास्त्र यांचा संबंध केवळ बालशाळेपुरता नाही. फ्रान्सच्या १७९५ च्या कायद्याने ग्रॅमची व्याख्याच एक घन सेंटिमीटर पाण्याच्या वजनावरून केली होती. १९०१ मध्ये लिटरची व्याख्या एक किलोग्रॅम शुद्ध पाण्याचे आकारमान अशी करण्यात आली. ते एक घन डेसिमीटरहून किंचित अधिक भरत असल्यामुळे गोंधळ होऊ लागला व १९६४ मध्ये लिटर पुन्हा एक घन डेसिमीटर ठरविण्यात आला. आकारमान व वस्तुमान यांची गल्लत करणाऱ्या बालकांना फारसा दोष देऊ नये, हे यावरून दिसते.

कालमापन : बुडाशी बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर ठेवले असता ते हळूहळू भरून एका घटकेत, म्हणजे २४ मिनिटांत, बुडते. विवाहमुहूर्तासाठी ते घंगाळात सोडण्याची प्रथा महाराष्ट्रात होती. भोक पाडलेली करवंटी घेऊन मुलांना असे पात्र करता येते. ‘करवंटी बुडेपर्यंत कोण किती मणी ओवतो?’ यासारख्या खेळातून अदृश्य कालालाही एकक असते, याची जाणीव होते. डब्यातून गळणाऱ्या पाण्याने काळ मोजणे अवघड आहे, कारण पातळी खाली जाईल तशी धार मंदावते. ईजिप्तमध्ये कर्नाक येथे सापडलेल्या इ. स. पू. चौदाव्या शतकातील जलघटिकेच्या भिंती वर रुंद व खाली निमुळत्या केलेल्या आहेत, त्या यासाठीच.

मर्यादा व दक्षता : नुसते पाणी व भांडी दिल्याने मापन शिकले जाते, असा दावा करता येत नाही. योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणारी प्रौढ व्यक्ती नसेल, तर खेळ वर्षभर त्याच ठिकाणी घोटाळतो. उलट प्रश्नांची सरबत्ती झाली तर खेळ संपतो. पाच-सहा मुलांचा गट व इतरांसाठी अन्य काम, अशी व्यवस्था नसल्यास मोठ्या वर्गात ही पद्धती राबविणे कठीण असते, आणि एकशिक्षकी शाळेत ते अधिकच खरे आहे. लहान मूल काही सेंटिमीटर खोल पाण्यातही बुडू शकते; त्यामुळे पाण्याजवळ मुलांना क्षणभरही एकटे सोडू नये व उंच बादल्या टाळाव्यात. काचेची भांडी वापरू नयेत. फरशीवरील पाणी लगेच पुसावे. डेंग्यूचा प्रसार करणारे डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढत असल्याने भांडी रोज रिकामी करून पालथी घालावीत.

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात या पद्धतीवर घेतला जाणारा आक्षेप वेगळाच आहे. जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते व मूल शाळेत येण्यापूर्वी घागर भरून आलेले असते, तेथे पाण्याशी खेळणे ही चैन वाटते. आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर काटकसरीने द्यावे लागते. सहा मुलांच्या गटास आठ-दहा लिटर पाणी पुरते. घमेल्यात परत पडणारे पाणी तेच तेच वापरता येते व दिवसअखेर झाडांना घालता येते. उन्हाळ्यात वाळू, पावसाळ्यात पाणी, अशीही विभागणी करता येते. पागोळ्यांखाली लावलेल्या डब्यात तासाभरात किती वाट्या पाणी जमले, हे जुलै महिन्यात मोजावे. पाणी विकत घ्यावे लागणाऱ्या घरातील मुलांना ‘एका घागरीत किती तांबे?’ हा प्रश्न खेळाचा वाटत नाही; आंघोळीला किती, स्वयंपाकाला किती आणि गुरांना किती, हा हिशेब त्यांनी घरी ऐकलेला असतो आणि वर्गात ती मुले बहुधा इतरांच्या पुढे असतात.